पार्किंग लॉटमध्ये मिळालेलं ‘फिक्स-इट’ तिकीट: कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्यांसाठी

मागचा एक दिवा गेलेला, पुढची नंबर प्लेट डिकीतच पडून, काचेला तडा, प्लेटवरचं रजिस्ट्रेशनचं स्टिकर मागच्या वर्षीचं. असल्या कारणांसाठी कॅलिफोर्नियात जे तिकीट मिळतं त्याला सगळे ‘फिक्स-इट तिकीट’ म्हणतात. दोष दुरुस्त करा, केल्याचा पुरावा दाखवा, थोडी फी भरा, प्रकरण बंद. हे तिकीट रस्त्यावर मिळालं तर नवा माणूस मुकाट्याने घेतो. तेच स्वतःच्या अपार्टमेंटच्या आवारात किंवा किराणा दुकानासमोरच्या लॉटमध्ये मिळालं की डोकं फिरतं. ‘खासगी जागेत पोलिसांचा काय संबंध?’ हा प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर मात्र वाटतं तेवढं सरळ नाही, आणि बहुतेक वेळा त्या उत्तरावाचूनच काम भागतं.

खाली लिहिलं आहे ते कॅलिफोर्नियाचं. दुसऱ्या राज्यांत नियम बदलतात, त्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे. मी वकील नाही. दारू, अपघात, निलंबित लायसन्स असं काही तिकिटात असेल तर हा लेख बाजूला ठेवून वकील गाठा.

आधी बघा, कागद कुणी दिलाय

हातात पडलेला प्रत्येक कागद तिकीट नसतो, आणि प्रत्येक तिकीट कोर्टात जात नाही. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

पोलीस, शेरीफ किंवा हायवे पेट्रोलच्या अधिकाऱ्याने तुम्हाला थांबवून, लायसन्स बघून, तुमची सही घेऊन दिलेला कागद म्हणजे कोर्टाचं तिकीट. त्यावर व्हेईकल कोडचं (राज्याच्या वाहन कायद्याचं) कलम, काउंटीच्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) सुपीरियर कोर्टाचं नाव आणि कोणत्या तारखेपर्यंत हजर व्हायचं ते लिहिलेलं असतं. प्रत्येक गुन्ह्याच्या ओळीजवळ ‘करेक्टेबल’ असा रकाना असतो. तिथे ‘येस’वर खूण असेल तर ते फिक्स-इट. ही खूण सगळ्यात आधी शोधा. एका तिकिटावर दोन-तीन बाबी असू शकतात आणि त्यातली एकच दुरुस्तीने सुटणारी असू शकते.

तुम्ही गाडीजवळ नसताना वायपरखाली खोचून ठेवलेला, शहराचं किंवा काउंटीचं नाव असलेला कागद हा पार्किंग सायटेशन. तो दिवाणी दंड आहे. त्यासाठी आधी कोर्टात जायचं नसतं, ज्या कार्यालयाने दिला त्यांच्याशीच व्यवहार करायचा असतो.

तिसरा कागद सरकारी नसतोच. अपार्टमेंटचं व्यवस्थापन, सोसायटीची एचओए (घरमालकांची संघटना) किंवा त्यांनी नेमलेली सुरक्षा कंपनी ‘उल्लंघन’, ‘नोटीस’ असे मोठे शब्द छापून काचेवर चिकटवते. दिसायला अगदी तिकिटासारखा, पण व्हेईकल कोडचं तिकीट देण्याचा अधिकार त्यांना नाही. म्हणून तो फाडून टाकायचा असं मात्र नाही, कारण त्यांच्या हातात टो ट्रक असतो. त्याकडे नंतर येऊ.

पोलीस खिडकीशी आल्यावर

मागे पोलिसांच्या गाडीचे दिवे लागले की उजवीकडे घेऊन सुरक्षित जागी थांबा. आवारात शिरूनच थांबलात तरी हरकत नाही, पण मुद्दाम लांबपर्यंत चालवत नेऊ नका. गाडीतच बसून राहा. भारतात आपण उतरून साहेबांशी बोलायला जातो. इथे उतरलात तर अधिकारी सावध होतो आणि आवाज चढतो. इंजिन बंद, रात्र असेल तर आतला दिवा चालू, हात स्टीअरिंगवर. कागद ग्लव्ह बॉक्समध्ये असतील तर ‘तिथून काढतो’ असं सांगून मग हात घाला.

लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स या तीन गोष्टी मागितल्या जातील. इन्शुरन्सचं कार्ड फोनवर दाखवलेलं चालतं. भारतीय लायसन्सवर गाडी चालवत असाल तर एक लक्षात ठेवा: कॅलिफोर्नियात राहायला आल्यावर इथलं लायसन्स काढायला कायदा १० दिवस देतो. पर्यटकाची सवलत रहिवाशाला नाही. दिव्यासाठी थांबवलेल्या गाडीत लायसन्सचीही बाब वाढते ती अशी.

१ जानेवारी २०२४ पासून अधिकाऱ्याने इतर प्रश्न विचारण्याआधी थांबवण्याचं कारण सांगणं बंधनकारक आहे, काही तातडीचा धोका असेल तेवढा अपवाद सोडून. त्यामुळे ‘का थांबवलंत माहितीये का?’ या जुन्या प्रश्नाला उत्तर शोधत बसू नका. कारण ऐकून घ्या आणि नेमकं लक्षात ठेवा: कोणता दिवा, कुठे पाहिला, कोणत्या रस्त्यावर. पुढे वाद घालायची वेळ आली तर हेच उपयोगी पडतं.

सही करायला सांगितलं की करा. ती गुन्ह्याची कबुली नसते. ठरलेल्या तारखेपर्यंत तिकिटाचा निकाल लावीन एवढंच ते वचन असतं. नकार दिलात तर अधिकारी तुम्हाला ताब्यात घेऊन न्यायाधीशांसमोर नेऊ शकतो. एका बल्बपायी ही वेळ आणू नका.

आणि ‘ही खासगी जागा आहे’ हे वाक्य खिडकीशी उच्चारू नका. त्या क्षणी त्याचा काडीचा उपयोग होत नाही. सौम्यपणे बोललात, रात्रीच बदलतो म्हणालात, तर पुष्कळदा तोंडी समज देऊन सोडतात.

खासगी जागेचा मुद्दा खरंच चालतो का?

कधी कधी चालतो. कधी ते समजून घेतलं की निम्मा मनस्ताप वाचतो.

व्हेईकल कोडच्या ज्या भागात दिवे, आरसे, काचा, ब्रेक यांचे नियम आहेत, त्याच्या सुरुवातीलाच कलम २४००१ आहे. त्यात म्हटलंय की हे नियम गाड्या ‘हायवे’वर असताना लागू होतात, वेगळं सांगितलं नसेल तर. हायवे म्हणजे फ्रीवे नव्हे. कलम ३६० नुसार सार्वजनिक खर्चाने राखलेला आणि लोकांच्या वाहतुकीला खुला असलेला कोणताही रस्ता हायवेच, तुमच्या घरासमोरची गल्लीसुद्धा. अपार्टमेंटचं आवार, एचओए स्वतः डांबर घालते ते आतले रस्ते, ऑफिसचं पार्किंग हे साधारणपणे त्यात बसत नाहीत. म्हणजे कागदावर मुद्दा तुमच्या बाजूचा दिसतो.

पण गोम अशी की प्रश्न तुम्ही कुठे थांबलात हा नसतो, दोष कुठे दिसला हा असतो. अधिकाऱ्याने बंद टेललाइट बाहेरच्या रस्त्यावर पाहिला, मागे आला आणि तुम्ही तोवर आवारात वळलात, तर तिकीट रस्त्यावरच्या चालवण्याचं आहे. फाटक ओलांडल्याने ते पुसलं जात नाही. अशी तिकिटं जवळजवळ सगळी याच प्रकारातली असतात. शिवाय गाडी आवारात उडत येत नाही. तुम्ही चालवत आत शिरताना दिसलात तर रस्त्यावरून आलात हे सांगायला फार पुरावा लागत नाही.

खरा मुद्दा उरतो तो गाडी रस्त्यावर कुणी पाहिलेलीच नसेल तेव्हा. समजा महिनाभर तुमच्या नेमलेल्या जागेवर उभी होती, किंवा पार्किंगच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हलवत होतात, आणि तेवढ्यावर बंद दिव्याचं तिकीट मिळालं. तेव्हा कलम २४००१ कामाला येतं.

रजिस्ट्रेशनचं गणित मात्र वेगळं आहे. कलम ४००० रस्त्यापुरतं थांबत नाही, ते ‘सार्वजनिक ऑफ-स्ट्रीट पार्किंग’लाही लागू आहे. त्याच्या व्याख्येत सरकारी पार्किंग येतंच, आणि दुकानात येणाऱ्या ग्राहकांसाठी फुकट खुले असलेले खासगी लॉटही येतात. म्हणजे किराणा दुकानासमोरचा मोठा लॉट खासगी मालकीचा असला तरी मुदत संपलेल्या रजिस्ट्रेशनसाठी तिथे तिकीट मिळू शकतं, आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. अपार्टमेंटमधली तुमची स्वतःची जागा, जिथे मालकाच्या परवानगीने गाडी ठेवली आहे, ती या व्याख्येत बसत नाही.

काही नियम तर जागा बघतच नाहीत. दारू पिऊन गाडी चालवणं खासगी जागेतही गुन्हाच आहे. धडक देऊन निघून जाणंही तसंच. अपंगांसाठी राखलेल्या निळ्या जागेत गाडी लावली तर मॉलच्या लॉटमध्येही दंड होतो. ‘खासगी जागेत कायदाच नाही’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याच्या सल्ल्यावर पैसे लावू नका.

जाता जाता एक खटला. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हाईन विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना या प्रकरणाचा निकाल दिला. एक ब्रेक लाइट बंद म्हणून पोलिसाने गाडी थांबवली होती. नंतर राज्याच्या कोर्टाने म्हटलं की त्या राज्याच्या कायद्याला एक ब्रेक लाइट पुरेसा होता. तरीही सुप्रीम कोर्टाने थांबवणं वैध ठरवलं, कारण अधिकाऱ्याची कायद्याबद्दलची चूक समजण्यासारखी होती. पण अशा चुकीच्या समजावर एखाद्याला दोषी धरता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. म्हणूनच म्हणतो, खिडकीशी वाद नको. तुमचा मुद्दा बरोबर असेल तर त्याची जागा कोर्टात आहे.

दुरुस्ती: आजच, उद्या नव्हे

वाद घालणार असाल किंवा नसाल, दोष आधी दुरुस्त करा. तोच दिवा घेऊन पुन्हा रस्त्यावर गेलात तर दुसरं तिकीट वेगळं मिळतं, आणि ‘वारंवार दुर्लक्ष’ हे अधिकाऱ्याला फिक्स-इटची सवलत नाकारायला पुरेसं कारण आहे. ताबडतोब धोका असेल किंवा चालक दुरुस्त करायला तयार नसेल तरीही सवलत मिळत नाही.

दिव्यांपासून सुरू करू. संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा आणि ब्रेक दाबून आरशात बघा. भिंतीवर लाल उजेड दोन्ही बाजूंना सारखा पडतोय का ते एकट्याने कळतं. एकच बाजू बंद असेल तर बहुधा बल्ब. दोन्ही बंद आणि वरचा तिसराही बंद असेल तर बल्ब विकत घेण्याआधी फ्यूज आणि ब्रेक पेडलजवळचा स्विच तपासून घ्या. जुन्या गाड्यांत बल्ब दहा-पंधरा मिनिटांत घरी बदलता येतो. ऑटो पार्ट्सच्या दुकानात गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगितलं की नेमका बल्ब देतात. नव्या एलईडी दिव्यांत सुटा बल्ब नसतो, अख्खं युनिट बदलावं लागतं आणि तिथे खर्च वाढतो. फुटलेल्या लाल काचेवर लाल टेप चिकटवणं ही रात्र निभावण्याची सोय झाली. ती पाहून सही मिळेल याची खात्री नाही.

नंबर प्लेटवरचा छोटा दिवा सगळे विसरतात. तो पांढरा हवा आणि त्याच्या उजेडात प्लेट ५० फुटांवरून वाचता आली पाहिजे. रात्री थांबवण्याचं हे फार आवडतं कारण आहे, आणि बल्ब किरकोळ किमतीचा असतो.

कॅलिफोर्नियात पुढे आणि मागे दोन्ही प्लेट लागतात. पुढची प्लेट लावली तर बंपरला भोकं पडतात म्हणून नवी इलेक्ट्रिक गाडी घेतलेले पुष्कळजण ती डिकीत ठेवतात. भोकं न पाडता बसणारे ब्रॅकेट मिळतात, ते घ्या. प्लेटवर पारदर्शक प्लास्टिकचं आवरणही चालत नाही. डीलरची जाहिरात असलेली फ्रेम वर्षाचं स्टिकर झाकत असेल तर तीही काढा.

पुढच्या काचेबद्दल आपल्या लोकांना मुद्दाम सांगावंसं वाटतं. आरशाला लटकवलेला हार, लिंबू-मिरची, रुद्राक्षाची माळ हे सगळं ‘दृष्टीआड येणारी वस्तू’ म्हणून कलम २६७०८ मध्ये बसू शकतं. डॅशबोर्डवर खाली बसवलेला छोटा गणपती सहसा अडचण करत नाही. आरशाला टांगलेला करतो. फोनचा स्टँड काचेला लावायचा तर जागा ठरलेली आहे: चालकाच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात ५ इंचांचा चौरस किंवा पलीकडच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात ७ इंचांचा. पुढच्या दारांच्या काचांतून किमान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, म्हणून आधीच्या मालकाने लावलेली काळी फिल्म गाडी घेतानाच बघा. ती उतरवणं कंटाळवाणं काम आहे: हेअर ड्रायर, साबणाचं पाणी आणि खूप धीर. काचेला तडा गेला असेल तर आधी इन्शुरन्सला फोन करा. कॉम्प्रिहेन्सिव्ह (धडकेखेरीज इतर नुकसानीचं कव्हर) घेतलं असेल तर काचेचा खर्च बऱ्याचदा त्यात निघतो. तड्यामुळे समोरचं दिसत नसेल तर अधिकारी ४८ तासांत काच ठीक करण्याचा आदेश देऊ शकतो.

दुरुस्तीआधी आणि नंतर फोटो काढा. पावती जपा.

सही कुणाची घ्यायची

इथे अनेकजण अडखळतात. दिवा बदलला, पावती फाइलला लावली आणि झालं असं समजतात. पावती म्हणजे पुरावा, पण कोर्टाला हवी असते ती तिकिटाच्या मागच्या बाजूला असलेल्या ‘सर्टिफिकेट ऑफ करेक्शन’ची सही.

दिवे, काच, प्लेट यांसाठी कोणताही पोलीस अधिकारी सही करू शकतो. तिकीट देणाराच शोधायची गरज नाही. जवळच्या पोलीस स्टेशनला बिगर-तातडीच्या नंबरवर फोन करून सहीची वेळ विचारा. ९११ ला नव्हे, हे सांगायला नको, पण सांगतो. काही ठिकाणी ठरावीक वारी, ठरावीक तासांतच बघतात, आणि काही शहरं बाहेरच्यांकडून थोडी फी घेतात. हायवे पेट्रोलच्या कार्यालयातही सही मिळते. गाडी सोबत न्यायची असते. रजिस्ट्रेशन आणि लायसन्सच्या बाबी डीएमव्हीमध्ये (राज्याच्या वाहन-नोंदणी आणि लायसन्स खात्यात) दाखवून सही मिळते. रजिस्ट्रेशन स्मॉग (धुराच्या) चाचणीमुळे अडलं असेल तर आधी ती करा, कारण त्यात वेळ जातो आणि तिकिटावरची तारीख थांबत नाही. ब्रेकसारख्या बाबींत परवानाधारक तपासणी केंद्राचं प्रमाणपत्र लागू शकतं. तिकिटावर किंवा कोर्टाच्या पत्रात ते लिहिलेलं असतं.

इन्शुरन्सची गोष्ट निराळी. तिकिटाच्या दिवशी पॉलिसी चालू होती पण कार्ड सापडलं नाही, तर ते कार्ड कोर्टात दाखवून बाब सुटते. दुसऱ्या दिवशी घेतलेली पॉलिसी दाखवून सुटत नाही. यात इन्शुरन्स कंपनीचं, ती तारीख स्पष्ट लिहिलेलं पत्र सगळ्यात चांगलं.

कोर्टात: २५ डॉलर

सही झाली की तिकीट कोर्टाच्या क्लार्ककडे न्या, टपालाने पाठवा किंवा काउंटीच्या साइटवर सोय असेल तर अपलोड करा. दुरुस्त झालेल्या प्रत्येक बाबीमागे २५ डॉलर फी आहे. म्हणजे दिवा आणि प्लेट अशा दोन बाबी असतील तर ५०. फी घेऊन ती बाब रद्द होते, आणि रद्द झालेल्या बाबीचा पॉइंट (चालकाच्या नोंदीतला दोषांक) लायसन्सवर चढत नाही.

हेच पुरावा न दाखवता दंड म्हणून भरायला गेलात तर २५ डॉलरच्या मूळ दंडावर राज्य, काउंटी आणि कोर्ट यांचे अधिभार चढून रक्कम जवळपास २०० डॉलरच्या घरात जाते. ऑनलाइन लगेच भरून मोकळं व्हायची घाई करणारे इथे उगाच पैसे घालवतात. भरण्याआधी ‘करेक्टेबल’ रकाना पुन्हा बघा.

कोर्ट आठवण करून देणारं पत्र पाठवतं, पण ते तिकिटावरच्या पत्त्यावर जातं, आणि तो पत्ता लायसन्सवरून घेतलेला असतो. नवी मंडळी दर वर्षी अपार्टमेंट बदलतात आणि डीएमव्हीला कळवायचं राहतं; कायद्याने १० दिवसांत कळवायचं असतं. पत्र मिळालं नाही ही सबब चालत नाही. तारीख उलटली तर सिव्हिल असेसमेंट म्हणून १०० डॉलरपर्यंत जादा रक्कम लागू शकते (जुलै २०२२ आधी ती ३०० होती), आणि हजर न राहणं हा स्वतंत्र, मूळ दिव्यापेक्षा कितीतरी गंभीर गुन्हा आहे. तिकीट अजून कोर्टाच्या संगणकात आलंच नसेल तरी तारखेच्या आत फोन करा किंवा काउंटरवर जा, आणि कधी विचारलं ते लिहून ठेवा. जास्त वेळ हवा असेल तर मागा. मुदतवाढ पुष्कळदा मिळते.

मित्राची गाडी चालवताना मिळालेलं तिकीटही तुमच्याच नावावर असतं. मित्र दुरुस्त करेल म्हणून वाट बघत बसू नका, त्याच्या मागे लागा.

वायपरखालचा कागद

पार्क केलेल्या गाडीवर स्टिकर, प्लेट किंवा काचेसाठी शहराने सायटेशन लावलं असेल तर दुरुस्तीचा पुरावा त्या कार्यालयाला पाठवल्यावर दंड १० डॉलरवर येतो. हे कलम ४०२२५ मध्ये आहे, पण कागदावर बारीक अक्षरात असतं आणि वरती मोठ्या अक्षरात पूर्ण दंड.

सायटेशन चुकीचं वाटत असेल, उदाहरणार्थ गाडी अपार्टमेंटमधल्या तुमच्या स्वतःच्या जागेत होती, तर मिळाल्यापासून २१ दिवसांत प्राथमिक फेरतपासणी मागा. ती फुकट असते. भाडेकराराचं त्या जागेचा उल्लेख असलेलं पान, जागेचा नंबर दिसेल असा फोटो आणि चार ओळींचं पत्र पुरतं. तिथे नकार आला तर सुनावणी, आणि तिथेही नकार आला तर ३० दिवसांत सुपीरियर कोर्ट. न भरलेला पार्किंग दंड पुढच्या रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणात चिकटून येतो, म्हणून तो हरवू देऊ नका.

खासगी नोटीस आणि टो ट्रक

अपार्टमेंटवाल्यांच्या नोटिशीला कोर्ट नाही, पण घाई मात्र आहे. कलम २२६५८ जागामालकाला गाडी उचलून न्यायचा अधिकार देतं. प्रवेशद्वाराशी गाडी उचलण्याचा इशारा देणारी किमान १७ बाय २२ इंचांची पाटी असेल तर तो मार्ग खुला असतो. पार्किंगची नोटीस लागून ९६ तास गेले तरी गाडी उचलता येते. इंजिन, चाक, दार, पुढची काच असा मोठा भागच नसलेल्या गाडीसाठी पोलिसांना कळवून २४ तास पुरतात. नादुरुस्त गाडी ‘नंतर बघू’ म्हणून कोपऱ्यात ठेवणाऱ्यांनी हे वाचावं. व्यवस्थापनाला ईमेल करा, दुरुस्तीची तारीख सांगा, उत्तर लेखी घ्या.

तुम्ही पोचलात तेव्हा गाडी ट्रकला जोडली असेल पण आवाराबाहेर गेली नसेल, तर टोचं पूर्ण भाडं मागता येत नाही, जास्तीत जास्त निम्मं. हे माहीत असल्याचं शांतपणे सांगितलं की बोलण्याचा सूर बदलतो. गाडी गेलेलीच असेल तर चोरी समजून घाबरण्याआधी पोलिसांच्या बिगर-तातडीच्या नंबरवर विचारा. टो केल्याची खबर त्यांना द्यावी लागते.

दोन-तीन महिने भारतात जाणार असाल आणि गाडी आवारातच राहणार असेल, रजिस्ट्रेशन संपत असेल, तर डीएमव्हीकडे मुदतीआधी ‘प्लॅन्ड नॉन-ऑपरेशन’ नोंदवता येतं. मग ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता किंवा उभीही करता येत नाही, आणि अपार्टमेंटच्या करारात ‘चालू रजिस्ट्रेशन हवं’ अशी अट आहे का तेही आधी वाचा.

लढायचंच असेल तर

सरळ हिशेब आहे. दुरुस्ती झाली असेल तर २५ डॉलर आणि एक फेरी. लढायचं तर कागदपत्रं, वेळ आणि हरण्याची शक्यता. गाडी रस्त्यावर आलीच नव्हती हे तुम्ही दाखवू शकत असाल, किंवा ‘करेक्टेबल’वर खूण नसल्यामुळे पूर्ण दंड बसतोय, तेव्हाच मी लढायला सांगेन. नाहीतर तत्त्वासाठी सुट्टी घालवायची हौस ज्याची त्याची.

लेखी सुनावणीचा मार्ग आहे: टीआर-२०५ फॉर्मवर तुमची बाजू लिहायची, दंडाची पूर्ण रक्कम आधी जमा करायची, अधिकारीही त्याचं म्हणणं लेखी देतो. जिंकलात तर रक्कम परत. हरलात तर २० दिवसांत टीआर-२२० भरून प्रत्यक्ष, नव्याने सुनावणी मागता येते. मजकूर लहान ठेवा. कलम २४००१ आणि ३६० लिहा, जागेचा नकाशा जोडा, रस्ता खासगी असल्याचं एचओए किंवा व्यवस्थापनाचं पत्र जोडा. अधिकारी उद्धट होता वगैरे लिहू नका. त्याने काही सिद्ध होत नाही. दंड झेपणारा नसेल तर ‘मायसायटेशन्स’ या कोर्टाच्या ऑनलाइन सोयीतून उत्पन्न दाखवून रक्कम कमी करून मागता येते.

इतर राज्यांत

टेक्सासमध्ये कोर्टातल्या पहिल्या हजेरीआधी दोष दुरुस्त केला तर न्यायाधीश १० डॉलरपर्यंत फी घेऊन प्रकरण रद्द करू शकतात. मुदत संपलेल्या रजिस्ट्रेशनला २० कामाचे दिवस आणि २० डॉलरपर्यंत. न्यू जर्सीत खासगी जागेचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवलाय: शॉपिंग सेंटर किंवा अपार्टमेंटचा मालक लेखी संमती देऊन वाहतुकीचा कायदा, ज्याला तिथे टायटल ३९ म्हणतात, आपल्या आवारात लागू करून घेऊ शकतो. म्हणून तिथे लॉटच्या तोंडाशी ‘टायटल ३९’ची पाटी दिसली तर खासगी जागेचा युक्तिवाद तिथेच संपला.

फाइल

प्रकरण बंद झाल्याचं दिसेपर्यंत काउंटीच्या साइटवर केस नंबर टाकून बघत राहा. फी भरल्यावर नोंद व्हायला काही आठवडे लागू शकतात. तिकिटाच्या दोन्ही बाजू, सही, फीची पावती आणि ‘डिसमिस्ड’ दिसणारा स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेवा. व्हिसावर असलेल्यांना धास्ती वाटते, पण अशा तिकिटावर सही करून सुटणं म्हणजे अटक नव्हे. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात मात्र ‘सायटेशन मिळालं होतं का’ असा प्रश्न येतो, तेव्हा हा फोल्डर शोधावा लागेल. कोर्ट जुने कागद कायमचे ठेवतंच असं नाही.